साडेदहा फूट

सकाळचं पाणी साडेसहाला यायचं आणि पावणेआठला जायचं. तेवढ्या वेळात दिनानाथ आरोंदेकर पिंप भरायचे, दोन कळशा भरायचे, आणि पुढे काय भरावं ते सुचलं नाही की गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचे. त्यांच्या पत्नीला, सुनयनाबाईंना, जाऊन दोन वर्षं झाली होती. एकट्या माणसाला पाणी लागून लागून किती लागणार? पण नळ वाहताना हात स्वस्थ बसत नसत. दुधाची पिशवी कापली की ती धुऊन ओट्यावरच्या टाइलला चिकटवायची आणि वाळली की घडी करून डब्यात टाकायची, हीसुद्धा बाईंचीच रीत. त्या असताना महिन्याच्या महिन्याला पिशव्या भंगारवाल्याकडे जायच्या. दिनानाथांना त्याला हाक मारायचं जमत नसे. एक डबा गच्च भरला होता आणि आता ते दुसऱ्या डब्याला लागले होते.

त्या दिवशी दूध वर यायला लागलं तसे ते त्याला म्हणाले, "वायच थांब." घरात मालवणी ऐकायला आता दूधच तेवढं उरलं होतं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेलमधले सेल कधी संपले हे त्यांना ठाऊकच नव्हतं, कारण ती वाजवायला कोणी येत नव्हतं. दुसरी थाप जोरात पडली. ते दाराकडे वळले आणि मागे दूध उतू गेलं.

दारात पाचव्या मजल्यावरचा ऋषी उभा होता. चार वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून दिनानाथांनी त्याला पाहिलं होतं ते लिफ्टमध्ये, कानात यंत्रं खुपसून मान खाली घातलेला. आज कान मोकळे होते.

"काका, सॉरी हां, सकाळी सकाळी. वॉचमन म्हणाला, तुम्ही लिफ्टमध्ये होता."

"बत्तीस वर्षं," दिनानाथ म्हणाले. "मधे मधे जेवायला बाहेर यायचो."

ऋषी हसला. मग आत आला, बसला, आणि त्याने जे सांगितलं ते समजायला दिनानाथांना एक अख्खा चहा लागला. ऋषी आणि त्याचे मित्र मिळून आठ जण होते. ऑफिसच्या नादाने त्यांना गोल्फ खेळायचं वेड लागलं होतं. मैदानावर जायला ना वेळ, ना ऊन सोसायची तयारी. म्हणून आठ जणांनी मिळून एक बंद जागा भाड्याने घ्यायची असं ठरलं होतं. आत भिंतीएवढा पडदा, पडद्यावर हिरवंगार मैदान. खरा चेंडू खऱ्या काठीने त्या पडद्यावर मारायचा. यंत्र त्याचा वेग आणि दिशा मोजतं, आणि पडद्यातला चेंडू पुढे उडत जातो. ज्याला वेळ असेल त्याने यावं, फोनवरच्या नंबराने कुलूप उघडावं, तासभर खेळावं आणि जावं. नोकर नाही, किल्ली नाही.

अडलं होतं ते उंचीवर. काठी डोक्यावरून फिरते, आणि त्यांच्यातला कुलदीप तर सहा फूट दोन इंच. जमिनीपासून स्वच्छ साडेदहा फूट हवेत. ब्रोकर फोनवर छातीठोक सांगतो, हाइट आहे. जाऊन बघावं तर बीम खाली उतरलेला. महिनाभर हेच चाललं होतं.

दिनानाथ उठले आणि कपाटातून डायऱ्यांचा गठ्ठा घेऊन आले. लिफ्ट बसवायची तर नकाशातली उंची कामाची नसते. प्रत्येक मजला जसा बांधला गेला तसा मोजावा लागतो, नाहीतर लिफ्टचं दार उघडतं आणि पुढ्यात पायरीएवढी भिंत येते. नकाशा खोटं बोलतो असं नाही, पण बांधणारा दर मजल्याला बोटभर खातो. ती खाल्लेली बोटं दिनानाथांनी बत्तीस वर्षं टिपून ठेवली होती. ऐरोलीपासून उरणपर्यंतची, उपनगर, सेक्टर आणि मालकाच्या नावासकट.

"काका, हे तर सोनं आहे," ऋषी म्हणाला. "शनिवारी येता आमच्याबरोबर?"

तो गेल्यावर दिनानाथांनी आधी ओटा पुसला. मग डायऱ्या उघडल्या, आणि तिसऱ्याच डायरीत त्यांना हवं ते पान सापडलं. तळवली, सत्यभामाबाई यांची बिल्डिंग, तळमजला, बारा फूट चार इंच. बाईंच्या नवऱ्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. कमानी उभ्या ठेवता याव्यात म्हणून त्याने खालचा गाळा उंच घेतला होता. आठ वर्षांपूर्वी दिनानाथ तिथे लिफ्टचं कोटेशन द्यायला गेले होते. नंतर तो माणूस वारला आणि लिफ्ट राहिली ती राहिलीच. दिनानाथांनी फोन लावला. बाईंनीच उचलला. गाळा रिकामाच हाय, म्हणाल्या, या बघायला.

म्हणजे काम झालं होतं. घरून गाडीने दहा मिनिटांवर जागा होती. शनिवारी एक फेरी मारायची, मुलांनी हो म्हणायचं, "थँक यू काका" म्हणायचं, आणि लिफ्टमध्ये पुन्हा मान खाली.

त्यांनी फार काही ठरवलं नाही. फक्त डायरी मिटली, आणि शनिवारी ऋषीने विचारलं तेव्हा तुर्भ्याचं पान उघडलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी शर्टाला इस्त्री केली होती. मोजायच्या टेपची डबी पुसून ठेवली होती. ऋषीने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. मागे गीतांजली बसली, ऋषीच्या ऑफिसातली, आठ जणांतली एकटी मुलगी आणि खेळायला सगळ्यांत हुशार. डावरी होती आणि जिभेने तिखट. तुर्भ्याच्या गाळ्यात दिनानाथांनी चारही कोपरे मोजले, बीम मोजला, मग पुन्हा चारही कोपरे मोजले. ते बघून ती म्हणाली, "काका, ही टेप एकदा आमच्या मॅनेजरला लावा. किती उतरलाय ते कळू दे आम्हाला."

तुर्भ्यात चार इंच कमी पडले. ते कमी पडणार हे दिनानाथांना माहीत होतं.

पुढच्या शनिवारी कळंबोली. लोखंड बाजारामागचं गोदाम, उंची वीस फुटांच्या वर, बघूनच ऋषी खूश. पण शेजारी सळयांचा ट्रक उतरायला लागला की जमीन हादरायची आणि दाराची फळी थरथरायची. चेंडूचं यंत्र इतकं नाजूक की माणूस शिंकला तरी गोंधळतं, असं गीतांजली म्हणाली. तिसऱ्या खेपेला उरणच्या वाटेवरचं एक गोदाम. जागा चांगली होती, पण तासभर कंटेनरच्या मागे सरकून कोण येणार खेळायला? त्या दिवशी येताना ते रस्त्याकडेच्या खानावळीत जेवले. दिनानाथांनी बोंबील कसा सोडवायचा ते ऋषीला शिकवलं. गीतांजलीने स्वतःच्या ताटातली सोलकढीची वाटी न विचारता त्यांच्याकडे सरकवली. एवढंच. पण घरी आल्यावर ते बराच वेळ चपला न काढता सोफ्यावर बसून होते.

गाडीत ते बोलायचे. ह्या टॉवरमध्ये लिफ्ट सुरू केली त्या दिवशी बिल्डरची सासू अडकली होती. त्या बँकेची लिफ्ट कायम चौथ्या मजल्यावर थांबायची, कोणी बोलावलं नसलं तरी. ऋषी गाणी बंद करायचा आणि म्हणायचा, "पुढे?" तो "पुढे" ऐकायला दिनानाथ आठवडाभर गोष्टी जमवायचे. आंघोळ करताना, भाजी निवडताना.

मुलगी वैदेही पुण्याहून शनिवारी आणि रविवारी फोन करायची, गाडी चालवता चालवता. औषध घेतलं का, जेवलात का, सिग्नल सुटला की ठेवते. ह्या वेळी बापाने सांगितलं, "शनिवारी करू नको फोन. मी नसतो घरी."

"कुठे असता?"

"कामावर," दिनानाथ म्हणाले. तेवढ्यात सिग्नल सुटला.

चौथी जागाही अशीच फुकट गेली. पाचवा शनिवार पावणे गावातला. मागे कारखाने असलेल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावरचा गाळा, स्लॅब जवळपास अकरा फूट. मुलं आता थकली होती. हाच घेऊन टाकू, असं गाडीतच बोलणं झालं होतं. गीतांजलीने काठीही बरोबर आणली होती, प्रत्यक्ष फिरवून बघायला. दिनानाथांनी त्या दिवशी घावणे करून आणले होते, ओल्या खोबऱ्याच्या चटणीबरोबर. पहिले तीन तव्याला चिकटले म्हणून पीठ दुसऱ्यांदा भिजवलं होतं. थर्मासमध्ये चहा होता.

त्यांच्या धंद्यात एक नियम होता. खोलीत शिरलं की आधी सगळ्यांत खालचा बिंदू शोधायचा. स्लॅब नाही, बीम नाही, त्या खोलीत जे काही सगळ्यांत खाली लोंबतंय ते. तो सापडला की मगच टेप काढायची. बत्तीस वर्षं त्यांनी हा नियम मोडला नव्हता. त्या दिवशी त्यांनी उजव्या हाताच्या माणसासाठी जिथे उभं राहावं लागतं ती बाजू मोजली, साडेदहाच्या वर दोन बोटं भरली, आणि टेप खिशात घालून ते चहा ओतायला लागले. ओतता ओतता बिल्डरच्या सासूची गोष्ट निघाली, कारण ती कुलदीपला सांगायची राहिली होती आणि तो त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता.

"काका, मारू का?" गीतांजलीने विचारलं.

गोष्ट ऐन रंगात आली होती. दिनानाथांनी मागे न बघता हात हलवला. "मार गो."

ती डावरी. ती दुसऱ्या बाजूला उभी राहिली. त्या बाजूला बीमच्या खाली आधीच्या भाडेकरूने चेन-पुली टांगायला लोखंडी अँगल ठोकलेला होता, आणि भिंतीसकट त्याच्यावरही पांढरा रंग मारलेला. काठी वरच्या वर अँगलवर बसली. आवाज झाला तो लोखंडाचा, पण खाली बसली ती गीतांजली, मनगट धरून. काठीचा लोखंडी तुकडा ऋषीच्या कानाजवळून जाऊन शटरवर आपटला.

कुलदीपने तिला उठवलं, ऋषीने गाडी काढली. डॉक्टरांनी हाड मोडलं नाही म्हणून सांगितलं, पट्टा बांधला आणि तीन आठवडे हात हलवायचा नाही म्हणाले. दवाखान्याच्या बाकावर दिनानाथांच्या मांडीवर घावण्यांचा डबा तसाच होता. गीतांजलीच म्हणाली, "काका, द्या एक. डाव्या हाताला लागलंय, तोंडाला नाही." तिने खाल्लं. त्यांना बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरायच्या आधी ते पाचव्या मजल्यावर गेले. लिफ्टने नाही, जिन्याने. ऋषीला म्हणाले, एक जागा आठवली, तळवलीला. आठवली, असंच म्हणाले.

तळवलीत सत्यभामाबाई वरच्या गॅलरीत मिरच्या निवडत होत्या. किल्ली घेऊन खाली आल्या, गाळा उघडला. ऋषी आत शिरला आणि वर बघतच राहिला. बारा फूट चार इंच, मधे एकही बीम नाही, लांबी-रुंदीही पुरून उरणारी. गीतांजली पट्टा बांधलेला हात पोटाशी धरून दारात उभी होती. एवढ्यात बाई दिनानाथांकडे वळून म्हणाल्या, "काय ओ लिफ्टवाले, पाच आठवडं झालं, फोन केलाव, येतो म्हनलाव, ना आज आलाव? दोन जनं मागाया आलते गाला. मी दिला नाय. तुमी येनार म्हनून ठेवला."

बाई आपल्या चांगुलपणानेच सांगत होत्या. त्यांना काय माहीत?

ऋषीने वर केलेली मान खाली आणली. "पाच आठवडे, काका?"

दिनानाथांनी टेप काढली. त्यांनी सगळ्यांत खालचा बिंदू शोधला. उजवी बाजू मोजली. डावी बाजू मोजली, दोनदा. भिंतीवरून हात फिरवून कुठे खिळा, कुठे हूक राहिलाय का बघितलं. स्टूल मागून घेऊन पंख्याच्या कडीपर्यंत चढले. तासभर ते मोजतच राहिले. बाहेर ऋषी बाईंशी भाड्याचं बोलून आला. परतताना पुढच्या सीटवर गीतांजली बसली. हात दुखावलेला, तिला जागा हवी होती. दिनानाथ मागे बसले. दहा मिनिटांच्या रस्त्यात गाणी चालू होती.

त्यानंतर त्यांना कोणी बोलावलं नाही, आणि बोलवावं असं काही कारणही उरलं नव्हतं. करार झाला, पडदा आला, जमिनीवर हिरवा गालिचा पसरला, हे सगळं त्यांना वॉचमनकडून कळलं. शनिवारी सकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालताना ऋषीची गाडी गेटबाहेर पडताना दिसायची. ते घरात असले तरी वैदेहीचा फोन शनिवारी येत नसे, कारण त्यांनीच नको सांगितलं होतं.

एका शनिवारी ते चालत तळवलीला गेले. गाळ्याचं शटर काढून नवीन दार बसवलं होतं, आणि दाराला कडी नव्हती, आकड्यांची एक काळी पट्टी होती फक्त. आतून धप्प आवाज यायचा, मग बराच वेळ शांतता, मग धप्प. कोण खेळतंय ते कळत नव्हतं. कोणीतरी एकटंच असावं, कारण बोलणं नव्हतं, हसणं नव्हतं. आठ जणांचा क्लब, आणि एका वेळी एकच माणूस आत. दिनानाथांनी कल्पना केली होती ती वेगळी होती. सगळे जमलेत, कोणी मारतंय, बाकीचे टोमणे मारतायत अशी. त्यांना वाटलं, ह्या पोरांनाही ठाऊक नाही की आपण जागा शोधत होतो तेव्हाच सगळे एकत्र होतो.

वरून सत्यभामाबाईंनी विचारलं, "कोनाला बगताव?"

"कोणाला नाही. उंची बघायला आलो होतो," ते म्हणाले, आणि वळले.

आणखी दोन आठवड्यांनी ऋषी आणि गीतांजली त्यांच्याकडे आली. तिचा पट्टा निघाला होता. दिनानाथांनी चहा टाकला, बशीत शेव काढली, आणि दोघांसमोर खुर्चीच्या कडेवर बसले, मुलाखतीला बसल्यासारखे. ऋषी इकडचं तिकडचं बोलला. मग गीतांजलीने कप खाली ठेवला.

"काका, मी सरळ विचारते. तुम्ही आम्हाला पाच शनिवार उगाच फिरवलंत."

"हो."

"मला राग आला होता. हाताचा नाही. हात काय, माझीच घाई. पण जागा माहीत असून..."

"हो," दिनानाथ पुन्हा म्हणाले. "चूक झाली. हाताचीपण माझीच. डावी बाजू मी मोजली नव्हती."

"पण का?"

त्यांनी शेवेची बशी थोडी तिच्याकडे सरकवली. गीतांजलीने घराकडे एकदा नजर फिरवली. टाइलला चिकटलेली दुधाची पिशवी, दोरीवर एकच टॉवेल, इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला शर्ट. तिने पुन्हा विचारलं नाही.

ऋषी म्हणाला की आठ जणांनी मिळून ठरवलंय. जागा काकांची, तर काकांना क्लबचं मेंबर करून घ्यायचं. फोनवर नंबर टाकून देतो, वाटेल तेव्हा जा, खेळा, नुसते बसा, एसी आहे. त्याने हात पुढे केला, त्यांचा फोन मागायला.

दिनानाथांनी फोन दिला नाही. त्या बंद दारामागे एकटं बसायचं, तर इथे काय वाईट होतं?

"नको रे," ते म्हणाले. "मला खेळायचं नाही. आणि नंबर माझ्या लक्षात राहायचा नाही."

"मग काय हवं ते सांगा, काका. लाजू नका. काहीतरी सांगाच."

दिनानाथांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. बत्तीस वर्षांत त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं, बढतीसुद्धा.

"शनिवारी तुम्ही तळवलीला निघता, तेव्हा मला गाडीत घेत जा. तिथे पोहोचलं की मी उतरेन आणि चालत परत येईन. तेवढं करा."